नदीकाठी, कांसेकाठी प्लॉट घेताय? बडोद्यात होणाऱ्या या चुका टाळा

बडोद्याचा मराठी माणूस जागा घेताना कागद बघण्यात कमी पडत नाही. सातबारा, आठ-अ, सहा नंबरच्या (फेरफाराच्या) नोंदी, वकिलाचा टायटल क्लिअरचा दाखला, सगळं फायलीत लावतो. मग दलाल म्हणतो, ‘बधुं क्लियर छे, मोटाभाई,’ आणि बानाखत (साठेखत) होतं. पण ही सगळी फाईल जागा कोणाची आहे एवढंच सांगते. त्या जागेवर घर उभं राहू शकतं का, हे सांगणारे कागद वेगळे असतात आणि ते देणारी कचेरीही वेगळी असते. नदी, कोतर (नदीकाठची घळ), कांस (पावसाचं पाणी नदीपर्यंत नेणारा नाला) किंवा तलाव जवळ असेल तर हा फरक फारच महाग पडतो. 2024च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, तेव्हा टायटल क्लिअर असलेली घरंही बुडालीच.

‘एनए झालंय, आता काय अडचण?’

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. एनए म्हणजे जमीन महसूल कायद्याच्या कलम 65खाली मिळणारी बिनखेतीची परवानगी. ती महसूल खात्याची. त्या जमिनीवर काय आणि कुठे बांधायचं हे ठरतं विकास आराखड्यातल्या झोनवर, टीपी स्कीमवर (नगररचना योजनेवर) आणि बांधकाम नियमांवर. शहरात हे काम महानगरपालिकेचं, हद्दीबाहेर वुडाचं, म्हणजे बडोदा नगर विकास प्राधिकरणाचं. म्हणून एनएचा हुकूम हातात असला तरी झोन सर्टिफिकेट आणि पार्ट प्लॅन मागायचाच. पार्ट प्लॅन म्हणजे आराखड्यातला तुमच्या सर्व्हे नंबराभोवतीचा तुकडा. त्यात पाण्याच्या रेषा कुठून जातात ते बोट ठेवून बघा. बहुतेक जण झोनचा रंग बघून कागद मिटतात.

टीपी लागलेली असेल तर फॉर्म एफ, म्हणजे मूळ आणि अंतिम प्लॉटचा तक्ता, तोसुद्धा हवा. टीपीत मूळ प्लॉटच्या बदल्यात अंतिम प्लॉट मिळतो, आणि तो जुन्या जागीच असेल असं नाही. दलालाने दाखवलेली आंब्याची झाडं मूळ प्लॉटात आणि तुमचा अंतिम प्लॉट सरकून कांसेला टेकलेला, असं होऊ शकतं. टीपी ड्राफ्ट आहे, प्रिलिमिनरी आहे की फायनल, हेही विचारा. ड्राफ्टवर भरवसा ठेवून पूर्ण पैसे देणं धाडसाचं काम आहे.

टेप कुठून धरली?

गुजरातच्या 2017च्या विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे आपण ज्याला सरसकट जीडीसीआर म्हणतो त्यात, पाण्यापासूनचं अंतर स्पष्ट दिलं आहे. काठ बांधून काढलेला नसेल तर नदीच्या काठापासून 30 मीटर. नदी बांधून काढण्याची योजना झाली असेल तर 15 मीटर, आणि सरकारने जास्त ठरवलं असेल तर तेवढं. नाला, कालवा, तलाव यांना 9 मीटर. या पट्ट्यात भराव घालून किंवा इतर कोणत्याही प्रकारे विकास करायचा नाही. म्हणजे नुसती माती टाकून सपाट करणंसुद्धा यात आलं. ‘बांधकाम कुठे केलंय, फक्त लेव्हल केलीय’ हा बचाव चालत नाही.

आता गंमत टेपची. जागा दाखवायला नेतात बहुधा एप्रिल-मेमध्ये. तेव्हा विश्वामित्री तळाशी हिरवट चिंचोळी पट्टी होऊन पडलेली असते. माणूस उतारावरून खाली जातो, टेपचं टोक पाण्याशी धरतो आणि वरून आकडा वाचला जातो: ‘बेतालीस मीटर!’ पण नियमात अंतर मोजायचं आहे काठाच्या हद्दीपासून, उन्हाळ्यातल्या पाण्यापासून नाही. विश्वामित्रीचे काठ म्हणजे मातीची उंच, खचत जाणारी कोतरं. पाण्यापासून वरच्या कडेपर्यंतच वीस-पंचवीस मीटरचा उतार असला, तर त्या बेचाळीस मीटरांतले जेमतेम सतरा ते बावीस हाती राहतात. पाण्यापासून मोजून दाखवणारा दलाल मला तरी अडाणी वाटत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त वेळ घेतो. डीआयएलआरकडून, म्हणजे जिल्ह्याच्या भूमी अभिलेख कचेरीकडून मापणी करून घ्या. आर्किटेक्टला काठाची वरची कड नकाशावर आखायला लावा, नदीच्या बाजूचा उभा छेद काढायला लावा आणि त्यावर त्याची सही घ्या. सही करायला तो कां-कूं करू लागला, तर तेच तुमचं उत्तर. आणखी एक बघायचं म्हणजे नकाशाची तारीख. 2025च्या उन्हाळ्यात विश्वामित्रीचं पात्र खोल आणि रुंद करण्याचं मोठं काम झालं. त्याआधीच्या नकाशातली कड आज जागेवर तिथेच असेल असं धरून चालू नका.

पुण्याचा चुलतभाऊ इथे हमखास एक प्रश्न टाकतो: ‘निळ्या रेषेत येतं का रे?’ महाराष्ट्रात 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखायची पद्धत आहे. इथल्या नियमातले आकडे काठापासूनच्या अंतराचे आहेत. त्यामुळे 30 मीटर सोडले म्हणजे पुरातून सुटलो असं मुळीच नाही. 2024मध्ये पाणी कुठवर आलं होतं हे शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. शिवाय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 25 मे 2021च्या आदेशात विश्वामित्रीची हद्द आणि पूरक्षेत्र आखून अतिक्रमणं काढायला सांगितलं आहे. आज नकाशात मोकळी दिसणारी पट्टी उद्या पूरक्षेत्रात मोजली जाऊ शकते, हे धरूनच भाव करा.

कोतरं बुजवणाऱ्यांनी मगरीही लक्षात ठेवाव्यात. 2025च्या गणनेत चारशेच्या वर मगरी निघाल्या. त्या याच काठांत बिळं करतात, उन्हाळ्यात इथेच अंडी घालतात. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जेसीबीखाली घरटं गेलं तर प्रकरण बांधकाम खात्यापुरतं राहत नाही, वनखातं येतं.

कांसेला गटार समजणं

भूखी, मसिया, रूपारेल ही नावं बडोदेकराला पावसाळ्यात आठवतात, बाकी आठ महिने ती ‘गटारं’ असतात. खरं तर या कांसा म्हणजे शहराचं पावसाचं पाणी नदीपर्यंत नेणाऱ्या वाटा आहेत. अनेक ठिकाणी त्यांवर स्लॅब पडला, बाजूने भिंती चढल्या आणि कांस दिसेनाशी झाली. दिसत नाही म्हणजे नियम लागत नाही, अशी समजूत तिथून सुरू होते.

कांस बहुधा सरकारी पडीत किंवा खराब्यात असते, तिला तुमच्यासारखा सुटसुटीत सर्व्हे नंबर नसतो, म्हणून सातबाऱ्यात ती सापडत नाही. ती सापडते गावनकाशात आणि मोजणीच्या जुन्या टिपणात. तो नकाशा मिळवा आणि गूगल अर्थवर मागच्या वर्षांची उपग्रहचित्रं त्याच्या शेजारी ठेवा. मे महिन्याचं चित्र बघून काही कळत नाही, सप्टेंबरचं बघा. गर्द हिरवा वाकडा पट्टा तुमच्या प्लॉटातून जात असेल तर तो पाण्याचा रस्ता. काठच नीट नसलेला प्रवाह सखल जमिनीतून जात असेल, तर तो कसा आणि किती रुंद वळवायचा हे सक्षम अधिकारी ठरवून देऊ शकतात, तशी तरतूद नियमावलीतच आहे. पाईप टाकून स्वतःच वळवून मोकळं होणं त्या तरतुदीत बसत नाही.

भराव ओळखता न येणं

झाडांचे बुंधे बघा. निंबाला जमिनीपाशी मुळांचा फुगवटा असतो. झाड खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसलं तर त्याच्याभोवती माती चढवलेली आहे. हातपंपाचा ओटा खड्ड्यात गेलेला, शेजारच्या जुन्या घराचं जोतं तुमच्या जमिनीच्या खाली, मातीत विटांचे तुकडे, फरशा, प्लास्टिक, ही सगळी तीच गोष्ट सांगतात. एखाद्या कोपऱ्यात हातभर खोदून बघायला दलालाची परवानगी मागा. तो ‘हां, हां, क्यारेक’ (कधीतरी) म्हणाला की समजून जा.

‘इम्पॅक्ट फी भरून टाकू’

हा बडोद्याचा आवडता शेवटचा उपाय. अनधिकृत बांधकाम नियमित करण्याच्या 2022च्या कायद्यात तलावाचा तळ, नदीपात्र, नैसर्गिक निचऱ्याच्या वाटा अशा जागा वगळलेल्या आहेत. मार्जिनमधली जास्तीची खोली एक वेळ नियमित होईल, पाण्याच्या वाटेवरची होणार नाही.

तसंच रेराचं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या प्राधिकरणाचं. प्रकल्प रेरात नोंदला म्हणजे पाण्याचं अंतर तपासलं गेलं असं नसतं. रेराच्या पोर्टलवरचा मंजूर नकाशा उघडा आणि रजाचिठ्ठीतल्या, म्हणजे बांधकाम परवानगीतल्या अटी वाचा. बांधकाम 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरीही लागते, तीही मागा.

वाढवणा किंवा जांबुघोड्याकडचं फार्महाऊस

थोडक्यात सांगतो. डभोईजवळचं वाढवणा तळं 2021पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. 2017च्या पाणथळ नियमांप्रमाणे तिथल्या सरासरी पूरपातळीपासून 50 मीटरांत पक्कं बांधकाम चालत नाही. रामसरचा फलक नाही म्हणून गावाबाहेरचं मोठं तळं मोकळं समजू नका. 2.25 हेक्टरहून मोठ्या 2,01,503 पाणथळ जागांना सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये संरक्षण दिलं आहे. जांबुघोडा अभयारण्याकडे जाणार असाल तर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना आणि तिला जोडलेली गावांची यादी बघा. आणि शेतजमिनीचे ‘हिस्से’ पाडून विकणाऱ्याकडे आधी कूळकायद्याचा प्रश्न (शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येते का) काढा, निसर्गाचा नंतर.

अडकलात तर

बानाखत झालंय, दस्तावेज (खरेदीखत) व्हायचाय, अशा वेळी उरलेले पैसे रोखून धरा. पार्ट प्लॅन, फॉर्म एफ आणि मापणी विक्रेत्याने आणून द्यावी आणि रजाचिठ्ठी नाकारली गेली तर पैसे परत, ही अट लेखी करून घ्या. तोंडी कबुली नको.

प्लॅन नामंजूर झाला असेल तर कारण लेखी घ्या. ‘नदी नडते’ असं खिडकीवर सांगितलेलं उपयोगाचं नाही. लेखी हुकुमावर अपील करता येतं. कधी कधी भानगड फक्त जागेची असते, घर प्लॉटच्या मागच्या बाजूला सरकवून 30 मीटर सुटत असतील तर सुधारित नकाशा द्या. प्लॉट अरुंद असेल आणि सुटत नसतील, तर आणखी आर्किटेक्ट बदलून नियम बदलणार नाहीत. त्या जागी भाजी लावा किंवा विक्रेत्याशी भांडा.

शेजारचा माणूस कांस बुजवतोय आणि पाणी तुमच्याकडे वळतंय, असं असेल तर पहिला पाऊस पडायच्या आत तारखेसकट फोटो काढा, सर्व्हे किंवा अंतिम प्लॉट नंबर घालून महानगरपालिका किंवा वुडा आणि कलेक्टर कचेरी या दोन्हीकडे अर्ज द्या, पोचेचा शिक्का घ्या. उत्तर येत नसेल तर त्याच अर्जावर काय कारवाई झाली हे माहिती अधिकारात विचारा. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम पीठ पुण्यात आहे आणि गुजरात त्याच पीठाखाली येतं. तिथे वादाचा अर्ज कारण घडल्यापासून 6 महिन्यांत करावा लागतो, फार तर आणखी 60 दिवस मिळतात. नुकसानभरपाई किंवा जागा पूर्ववत करून मागायची असेल तर मुदत 5 वर्षांची. ‘पावसाळा जाऊ दे, मग बघू’ म्हणत थांबणाऱ्यांची ती 6 महिन्यांची मुदत दिवाळीपर्यंतच निघून जाते.