शिपवर्मची पिल्लं लाकडात कधी शिरतात, ते पाट्या टांगून कसं ओळखावं

समुद्रातून उपसलेला लाकडी खांब बाहेरून बरेचदा ठणठणीत दिसतो. थोडं शेवाळ, चार बार्नॅकल (लाकडाला घट्ट चिकटणारे कवचधारी जीव), टाचणीने टोचल्यासारखी काही भोकं. तोच खांब करवतीने मधोमध कापला की आत लाकूड कमी आणि पोकळीच जास्त निघते. पेन्सिल सहज जाईल इतके रुंद बोगदे, आतून पांढऱ्या चुन्याने लिंपलेले, एकमेकांना खेटून गेलेले, पण एकमेकांत न घुसलेले. असा कापलेला खांब मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा त्याचं वजनच लागेना. तेव्हापासून मी लाकडाच्या बाहेरच्या रूपावर विश्वास ठेवणं सोडून दिलं.

हे काम शिपवर्मचं. नावावरून किडा वाटतो, पण हा शिंपल्याच्या कुळातला प्राणी आहे. शरीर लांबलचक आणि मऊ, आणि डोक्याकडे दोन छोटी शिंपलं. ती कानशीसारखी घासून तो लाकूड कोरतो. 1731 मध्ये नेदरलँड्समधल्या समुद्रबांधांची लाकडं त्याने पोखरल्याचं उघड झालं तेव्हा अनेकांना तो देवाचा कोप वाटला. हा मृदुकाय प्राणी आहे, हे गॉटफ्रिड सेलियस यांनी 1733 मध्ये दाखवून दिलं.

आपल्या कामाचा प्रश्न एवढाच, की तुमच्या पाण्यात याची पिल्लं लाकडावर कधी उतरतात? ते कळलं की बोट कधी वर ओढायची, नवा खांब कधी रोवायचा, हे ठरवता येतं. त्यासाठी पाट्या टांगून पाहण्यासारखा दुसरा सोपा मार्ग नाही.

आधी त्याचा प्रवास समजून घ्या

मोठा झालेला शिपवर्म लाकूड सोडून कुठेही जात नाही. जिथे शिरला तिथेच जगतो, तिथेच मरतो. प्रवास करतात ती पिल्लं, म्हणजे डिंभ. टेरेडो नेव्हॅलिस या सर्वांत परिचित जातीची मादी पिल्लांना काही काळ आपल्या कल्ल्यांत वाढवते आणि मग हजारोंनी पाण्यात सोडते. दोन ते तीन आठवडे ती प्रवाहाबरोबर वाहत राहतात. लायरोडस पेडिसेलॅटस ही जात पिल्लांना पुरती तयार होईपर्यंत पोटाशी ठेवते. त्यामुळे सुटल्यावर थोड्याच वेळात ती शेजारच्याच लाकडाला चिकटतात. बँकिया वंशाच्या जाती अंडी आणि शुक्राणू थेट पाण्यात सोडतात, म्हणून त्यांची पिल्लं बराच काळ वाहतात आणि दूरवर पोचतात. याखेरीज वाहून आलेला ओंडका किंवा लाकडी बोट मोठ्या प्राण्यांनाच घेऊन समुद्र ओलांडते, ते वेगळं.

उतरायची वेळ येते तेव्हा पिल्लू जेमतेम पाव मिलिमीटरचं असतं. ते लाकडावर सरपटत जागा चाचपतं आणि एकदा बसलं की कोरायला लागतं. आत गेल्यावर ते वाढत जातं, पण दाराचं भोक एक-दोन मिलिमीटरचंच राहतं. सुरुवातीला ते आडवं शिरतं आणि मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने वळतं. बाहेरून काही न दिसण्याचं कारण हेच. लाकूड पचवायला त्याला कल्ल्यांत राहणारे जिवाणू मदत करतात.

पाट्या तयार करा

मऊ, कोणतीही प्रक्रिया न केलेलं लाकूड घ्या. पाइन उत्तम. युरोपात लाकूडरक्षकांची समुद्रात चाचणी करताना 200 × 75 × 25 मिलिमीटरच्या पाट्या वापरतात, तेच माप धरा. रंग, वॉर्निश, तेल काही लावू नका. तांब्या-पितळेचा खिळा किंवा तार तर अजिबात नको, कारण तांबं या पिल्लांना विषारी असतं आणि तुमची पाटी खोटं सांगेल. मधोमध भोक पाडून नायलॉनची दोरी ओवा. प्रत्येक पाटीवर खाचा करून क्रमांक कोरा, कारण शाईचा क्रमांक पाण्यात टिकत नाही.

टांगा

धक्का किंवा खांब तुमचा नसेल तर आधी बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी घ्या. दोरीच्या टोकाला वजन बांधा, नाहीतर पाटी तरंगेल. सर्वांत मोठ्या ओहोटीलाही पाटी पाण्याबाहेर येता कामा नये. एक तळाजवळ आणि एक मधल्या उंचीवर असावी, कारण लागण सगळ्या खोलीवर सारखी नसते.

पाट्यांचे दोन संच ठेवा. पहिला दर महिन्याला बदलायचा. त्यावरून त्या महिन्यात पिल्लं उतरली का, ते कळतं. दुसरा तीन-चार महिने तसाच ठेवायचा, म्हणजे आत शिरलेल्यांचं पुढे काय झालं ते दिसतं. दुसरा संच त्याहून जास्त काळ विसरू नका. उबदार पाण्यात शिपवर्म दोन महिन्यांच्या आतबाहेर प्रजननक्षम होऊ शकतो, आणि मग तुमची पाटीच नव्या पिल्लांचं पाळणाघर होते.

पाण्याची नोंद ठेवा

दर आठवड्याला पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजा. मला विचाराल तर अर्धी गोष्ट याच वहीत असते. खुल्या समुद्रात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. टेरेडो नेव्हॅलिसचा मोठा प्राणी खूपच कमी क्षारतेतही तग धरतो, पण पिल्लांना ती झेपत नाही. 1628 मध्ये बाल्टिक समुद्रात बुडालेलं वासा जहाज 1961 मध्ये बाहेर काढलं तेव्हा लाकूड शाबूत होतं, कारण तिथलं पाणी शिपवर्मला फारच गोडं आहे. उलट उदाहरण सॅन फ्रान्सिस्को उपसागराचं. पावसाच्या तुटीमुळे उत्तर भागात गोडं पाणी कमी आलं, क्षारता चढली आणि 1919 ते 1921 या काळात तिथले धक्के एकामागून एक कोसळले. नदीच्या मुखाजवळ पाट्या टांगणार असाल, तर जोरदार पावसानंतरची नोंद कधीच चुकवू नका.

पाटी वाचा

पाटी काढल्यावर लगेच खरवडू नका. त्याच जागेचं पाणी उथळ ताटात घ्या, पाटी बुडवा आणि अर्धा तास तिला हात लावू नका. मग भिंग घेऊन बघा. भोकातून दोऱ्याएवढ्या दोन नळ्या हळूच बाहेर येतात. एकीने पाणी आत जातं, दुसरीने बाहेर पडतं. ताटाला नुसता धक्का लागला तरी त्या झटकन आत जातात. मी हे कितीदा तरी पाहिलं आहे, तरी दर वेळी श्वास रोखला जातो. नळ्या दिसल्या म्हणजे आतला प्राणी जिवंत आहे.

त्यानंतर शेवाळ आणि बार्नॅकल बोथट पात्याने काढा, भोकं मोजा आणि लिहून ठेवा. महिन्याच्या पाटीत भोकं इतकी बारीक असतात की पृष्ठभाग ओला करून तिरप्या उजेडात धरावा लागतो. वरचा थर खडबडीत आणि उथळ कुरतडल्यासारखा दिसला, तर तो बहुधा ग्रिबल या कवचधारी जीवाचा उद्योग. त्याची मोजणी वेगळी ठेवा. तीन-चार महिन्यांची पाटी मात्र रेषांच्या दिशेने फोडून बघावी. एक्स-रे काढण्याची सोय असेल तर सोन्याहून पिवळं, कारण त्यात बोगदे आणि शिंपलं स्पष्ट उमटतात.

अर्थ लावा

तापमानाच्या आकड्याशेजारी भोकांचा आकडा मांडा. एक-दोन वर्षांत लागणीचा मोसम डोळ्यांसमोर उभा राहतो. सगळ्या पाट्यांवर साधारण सारखी भोकं असतील तर पिल्लं बहुधा प्रवाहाबरोबर दुरून आली. एकाच पाटीवर दाटी असेल तर शेजारी एखादा पोखरलेला खांब किंवा अडकलेला ओंडका शोधा आणि तो आधी हलवा.

एक गैरसमज मात्र टाळा. बोट चार दिवस गोड्या पाण्यात ठेवली की शिपवर्म मरतो, असं बरेच जण समजतात. त्याच्या शेपटीकडे दोन चिमुकल्या फळ्या असतात. पाणी नको तसं झालं की तो त्यांनी भोक बंद करून आठवडेच्या आठवडे काढू शकतो. लाकूड पाण्याबाहेर काढून आतपर्यंत खडखडीत वाळू द्यावं लागतं.

वापरलेल्या पाट्या परत समुद्रात टाकू नका. उन्हात पूर्ण सुकवा. फोडलेली एखादी जपून ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला लागते. आणि जुनी पाटी निघाली त्याच दिवशी, त्याच खोलीवर, नवी पाटी टांगा. एक महिना सुटला तरी त्या महिन्यात काय उतरलं, ते नंतर कळायला मार्ग नाही.