आई-बाबांसाठी घरात फॉल सेन्सर लावताय? या चुका टाळा

आमची आई कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात दिवसभर एकटी असते, मी शिरोली एमआयडीसीत शिफ्टला आणि बहीण पुण्यात. मागच्या वर्षी भिंतीवरचा रडार सेन्सर लावला, अंगावर काही घालायला नको, कॅमेरा नाही, माणूस पडला की मोबाईलवर अलर्ट. पहिले दोन महिने आमच्याकडून लय चुका झाल्या, तुमच्याकडून होऊ नयेत म्हणून लिहितोय.

पहिली चूक म्हणजे आईला नीट समजावून सांगितलं नाही. तिला वाटलं हा कॅमेराच आहे, पोरं आपल्यावर नजर ठेवायलेत, आणि मी कामावर गेलो की ती प्लगच काढून ठेवायची! मला आठवडाभर कळलं नाही. मग शेजारी बसून सांगितलं की यातून फोटो निघत नाही, रेडिओ लहरी अंगावर आपटून परत येतात त्यावरून माणूस कुठं आहे, उभा आहे का आडवा एवढंच त्याला समजतं. तेव्हा कुठं तिनं प्लग काढायचं सोडलं.

आता खोट्या अलर्टचं. आपल्याकडची माणसं खाली बसतात, खालीच भाजी निवडतात, उन्हाळ्यात दुपारी गार फरशीवर चटई टाकून आडवी होतात, आणि सेन्सरला वाटतं माणूस पडला. रोज दुपारी अडीचला अलर्ट यायला लागला आणि चौथ्या दिवशी मी तो बघायचाच बंद केला, सगळ्यात मोठा धोका हाच आहे बघा. उपाय साधा आहे. ॲपमध्ये खोलीचा नकाशा असतो, त्यात झोपायची जागा वेगळी आखायची सोय बऱ्याच सेन्सरला असते. पण त्या आखलेल्या जागेत कुणी खरंच पडलं तर अलर्ट येणार नाही हे ध्यानात ठेवा, म्हणून जागा चटईएवढीच आखा, अख्खी खोली नको. आईला पण सांगितलं, चटई रोज त्याच कोपऱ्यात टाकायची.

जागा निवडताना आम्ही सेन्सर लोखंडी कपाटाशेजारी लावला होता. धातूवरून लहरी उलटतात, कपाटामागचं काहीच दिसत नाही, आणि समोर हलणारा फॅन किंवा पडदा असला तर अजून गोंधळ. उंची कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते तेवढीच ठेवा, खिळा आधीच आहे म्हणून तिथंच टांगायचं नाही.

खोलीतला सेन्सर न्हाणीघराचं बघेल असं धरून चालू नका. विटांची भिंत मध्ये आली की काम संपलं, आणि म्हातारी माणसं बऱ्याचदा घसरतात ती ओल्या फरशीवर. तिथं वेगळा सेन्सर लागतो, तोही पाणी, वाफ लागली तरी चालणारा.

सेन्सर वायफायला जोडलाच जात नसेल तर बऱ्याचदा कारण हे असतं की तो वायफायच्या फक्त 2.4 गिगाहर्ट्झ बँडवर चालतो आणि तुमचा फोन 5 गिगाहर्ट्झच्या बँडवर असतो. वळवाच्या पावसात लाईट गेली की सेन्सर आणि राउटर दोन्ही बंद पडतात, म्हणून दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, एकच घेऊन उपयोग नाही. आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये ॲपवरचं बंधन काढा, नाहीतर फोन ॲप झोपवून टाकतो आणि अलर्ट तासाभरानं दिसतो. तासभर फरशीवर पडून राहणं वयस्कर माणसाला पडण्याइतकंच वाईट, अंगाखालचे स्नायू दबतात, किडनीवर ताण येतो.

माझा मोबाईल शिफ्टमध्ये लॉकरला असतो, म्हणून अलर्ट आधी शेजारच्या काकूंना जातो, मग मला, मग बहिणीला. काकूंकडे घराची किल्ली दिलीय आणि आईला दिवसा आतून कडी लावू नको म्हणून सांगितलंय, कारण कडी लावली तर किल्ली असून काय उपयोग. ॲम्ब्युलन्सचा 108 नंबर काकू आणि आई दोघींच्या फोनमध्ये वर ठेवलाय.

टेस्ट मात्र आईला पडायला लावून करू नका हं! मी खाली गादी टाकून स्वतः पडतो, एकदा धपकन, एकदा खुर्चीवरून हळूच घसरून, कारण हळू घसरलेलं बऱ्याच सेन्सरला कळत नाही. आमच्यालाही कळलं नाही, म्हणून आईला आता हात असलेली खुर्ची घेतलीय आणि ती भिंतीला लावून ठेवलीय. पडल्यावर तसंच पडून राहायचं, सेन्सर थोडा वेळ खात्री करून मगच अलर्ट देतो, लगेच उठलात तर तो अलर्ट देईलच असं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे करतो, मेसेज पोचला की काकू खिडकीतून आवाज देतात, मग मी उठतो.