समुद्रकाच वेचायला निघताय? आधी परतीचा गजर लावा

समुद्रकाच म्हणजे लाटांनी घासून गुळगुळीत केलेले फुटक्या काचेचे तुकडे. ते वेचायला जाताना टोपी, पाणी, उन्हाचं मलम घ्या हे मी सांगायला नको. चपला मात्र घरीच ठेवा. शेवाळलेल्या खडकावर चपला म्हणजे घसरगुंडी. बंद आणि तळाला पकड असलेले बूट घाला, ते भिजणार हे धरूनच.

आता गजर. परतीचा गजर. मागच्या खेपेला माझ्याकडे दोन पिशव्या होत्या, डबा होता, विजेरीसुद्धा होती. गजर तेवढा लावला नव्हता. खडकाचं टोक ओलांडून पलीकडे गेले, मान खाली घातली, आणि वर पाहिलं तेव्हा आल्या वाटेवर पाणी. कंबरभर पाण्यातून खडक चाचपडत कशीबशी बाहेर आले. पिशवी हातातून कधी सुटली ते कळलंसुद्धा नाही. त्यात एक निळा तुकडा होता. असो.

तर, ओहोटीची वेळ (म्हणजे पाणी सगळ्यात खाली असतं ती) आदल्या रात्री बघा, त्याच किनाऱ्याची आणि त्याच तारखेची. कालची वेळ आज चालत नाही, ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे एकदोन दिवस उत्तम: उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खालीही उतरतं आणि एरवी न दिसणारा पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी, तेव्हा हेलपाटा घालू नका. वादळ होऊन गेलं असेल तर समुद्र शांत झाल्यावर जरूर जा.

ओहोटीच्या दोन तास आधी पोचा, उतरत्या पाण्यामागे चालत जा, आणि गजर ओहोटीच्या नेमक्या मिनिटाला लावा. नंतरच्या नाही. पाणी फसवतं. ढोबळ हिशेब असा की पहिल्या तासात ते एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच चढतं, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून मात्र निम्मं चढतं. लाटांच्या आवाजात फोन ऐकू येत नाही, तेव्हा थरथर चालू ठेवा आणि फोन अंगाला लागेल अशा खिशात ठेवा. पिशवीत नाही. गजर वाजला की वळायचं. ‘हा एवढा गोट्यांचा ढीग बघते आणि निघते’ हेच वाक्य मीही म्हटलं होतं.

जागा निवडताना नुसती वाळू असलेला किनारा सोडा. बारीक गोटे जिथे साचतात तिथे काच साचते. जवळपास कधीकाळी बंदर, बाटल्यांचा कारखाना किंवा कचरा टाकायची जागा होती का, हे पाहा. इंग्लंडमधल्या सीहॅमची काच १८५३ ते १९२१ चाललेल्या बाटली-कारखान्याच्या टाकाऊ मालातून आलेली आहे. कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगला १९६७पर्यंत गावाचा कचरा समुद्रकाठी टाकत. आज तिथे राज्य उद्यानाच्या हद्दीतली काच उचलायला बंदी आहे. म्हणून पाटी वाचा. पाटी नसेल तर विचारा.

सूर्य खाली असताना त्याच्याकडे तोंड करून चाला, काच आतून उजळते. ओला गोटाही चमकतो, पण त्यातून उजेड आरपार येत नाही. पांढरा, हिरवा, तपकिरी भरपूर मिळेल. निळा कमी, लाल क्वचित, नारिंगी विसरा. कडा अजून चकचकीत आणि धारदार असेल तर ती समुद्रकाच नव्हे, फुटकी बाटली. ती डब्यात टाका (डबा त्यासाठीच) आणि डबा कचऱ्यात रिकामा करा, पुढचा माणूस अनवाणी असू शकतो.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, चोळा, वाळवा. वाळल्यावर धुरकट दिसेल, तशीच असते. अतिनील विजेरी असेल तर अंधारात फिरवून बघा, जुन्या युरेनियमच्या काचेचा तुकडा असला तर हिरवा पेटतो. बाकी रंगानुसार बरण्या वगैरे तुमचं तुम्ही बघा.

गजर लावला का?