सायकलवरून चौक कसा ओलांडावा?

मुंबईत सायकलीला परवाना लागत नाही, म्हणून सिग्नलही पाळावा लागत नाही, असा समज पाववाल्यांपासून पहाटे हौसेने निघणाऱ्यांपर्यंत सर्वत्र आढळतो. सायकल मोटार वाहन नाही हे खरे. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधील ‘वाहन’ या व्याख्येत ती येते, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम 281 सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन जिवाला धोका होईल इतक्या बेदरकारपणे चालवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगते. तेव्हा सीटवर आहोत तोवर आपण वाहनचालक आणि उतरून सायकल हाताने ढकलू लागलो की पादचारी, अशी खूणगाठ बांधावी.

चौक दिसताच वेग कमी करून मागे पाहावे आणि वळायचे असल्यास त्या बाजूचा हात आडवा धरावा. सिग्नल लाल असेल तर झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडच्या आडव्या रेषेआधी थांबावे. पोलीस हाताने इशारा करत असेल तर दिव्यापेक्षा तो इशारा मोठा. लाल अष्टकोनी फलकापाशी रस्ता मोकळा असला तरी पाय टेकवावा. उलट्या त्रिकोणापाशी थांबण्याची सक्ती नाही, वाट मात्र दुसऱ्याला द्यायची असते. सिग्नल नसलेल्या नाक्यावर मुख्य रस्त्यावरील वाहनाला, आणि रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे.

खरी कसोटी उजव्या वळणाची. दादर टीटीसारख्या ठिकाणी डाव्या कडेने येऊन, बस आणि टॅक्सींच्या चार रांगा कापत एकदम उजवीकडे घुसणे म्हणजे निव्वळ दैवावर हवाला. त्याऐवजी हिरव्या दिव्यावर डाव्या बाजूने सरळ पलीकडे जावे, तेथील कोपऱ्यात सायकल उजवीकडे वळवून उभी करावी आणि त्या रस्त्याचा दिवा हिरवा झाल्यावर निघावे. एक फेरी जास्त थांबावे लागते, इतकेच.

डावे वळणही लाल दिव्यावर आपोआप खुले नसते. तसा फलक किंवा बाण हवा. बेस्टची बस डावीकडे वळत असताना तिच्या आणि फुटपाथच्या मधल्या फटीत कधीही शिरू नये, कारण वळताना तिची मागची चाके पुढच्यांपेक्षा कडेला सरकतात आणि चालकाला आपण दिसत नाही.

पावसाळ्यात झेब्रा पट्टे आणि मॅनहोलची लोखंडी झाकणे निसरडी होतात, म्हणून ब्रेक त्यांच्या अलीकडेच, सायकल सरळ असताना, हळूहळू दाबावेत.