बचत गटाच्या कार्यक्रमात फुन्मिलायोबाई कशा सांगायच्या

३ जानेवारी आली की नाशकात जिकडेतिकडे सावित्रीबाईंवर भाषणं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक सारखीच. तेव्हा यंदा बोलायचं तुमच्या गळ्यात पडलं असेल तर नायजेरियाच्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटी घ्या. ह्यापण शिक्षिका, पुढे स्वातंत्र्याच्या राजकारणात उतरलेल्या. समोर भाजी विकणाऱ्या बायका बसल्या असतील तर विचारूच नका, गोष्ट त्यांचीच आहे.

पहिलं म्हणजे जन्मापासून सुरू करू नका. १९०० साली अबेओकुटा शहरात जन्म, १९१९ ला शिकायला इंग्लंड, १९२२ ला परत येऊन शाळेत शिकवणं, नवराही शिक्षक, हे एका दमात उरकायचं, नाहीतर मागच्या रांगेत मोबाईल निघालेच. सुरुवात करा पावतीपासून. "मावशी, बुधवारच्या बाजारात बसायची पावती कितीची फाडतात हो?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं, मग हॉलच बोलायला लागतो. त्यावर सांगा की तिकडे इंग्रजांच्या राज्यात बायकांना नवऱ्यापासून वेगळा कर भरावा लागायचा, आणि मुलाला १६ व्या वर्षी लागायचा तो मुलीला १५ व्या वर्षीच. वसुलीला इंग्रजांनी पुढे केलेलं तिथल्या राजाला, त्याला म्हणायचे अलाके. इथे घाई नको. संस्थानिक पुढे आणि रेसिडेंट मागे हा प्रकार आपल्याकडे पण होताच, लगेच डोक्यात शिरतं.

मग क्लबचं सांगा. १९३२ ला बाईंनी काढलेला क्लब हा शिकलेल्या, बऱ्या घरच्या बायकांचा, शिवणकाम वगैरे चालायचं, थोडक्यात आपलं हळदीकुंकू मंडळच. पण १९४४ च्या सुमारास बाजारातल्या बायकांना लिहायवाचायला शिकवणं सुरू झालं आणि त्या वर्गातच कळायला लागलं की ह्यांचा तांदूळ कसा जप्त होतो, कर कसा उकळतात. १९४६ ला क्लबची झाली अबेओकुटा विमेन्स युनियन. बाईंनी इंग्रजी झगे सोडले, बाजारातल्या बायकांसारखं लुगडं गुंडाळायला लागल्या आणि साहेबासमोर पण योरुबात, म्हणजे तिथल्या भाषेतच बोलायच्या, समजत नसेल तर दुभाष्या त्याने आणावा! हे वाक्य जरा ठसक्यात म्हणा, टाळी इथेच पडते.

मोर्च्याचा भाग सगळ्यात रंगतो, त्याला निम्मा वेळ द्या. परवानगी मिळेना म्हणून बायका मोर्च्याला 'पिकनिक' म्हणायच्या. अश्रुधुराचं नळकांडं पडलं तर ते उचलून परत कसं फेकायचं हे बाई शिकवायच्या. हजारो बायका राजवाड्यासमोर जमून अलाकेवर गाणी म्हणायच्या. ती गाणी मात्र माईकवरून सांगायच्या भानगडीत पडू नका, फारच चावट आहेत, "शिव्या घालायच्या" म्हटलं तरी मावशांना कळतं. शेवटी १९४९ ला अलाकेला गादी सोडून जावं लागलं. पुढे १९५० मध्ये तो परत आला, हेपण सांगून टाका, लपवलं की नेमका कोणीतरी गूगल करतो.

स्वातंत्र्याचं राजकारण थोडक्यात पण नीट सांगा. १९४७ ला एनसीएनसी ह्या स्वातंत्र्य मागणाऱ्या पक्षाचं शिष्टमंडळ नव्या राज्यघटनेविरुद्ध तक्रार घेऊन लंडनला गेलं, त्यात बाई म्हणून ह्या एकट्याच. देश स्वतंत्र झाला १९६० ला, पण त्याच्या आदल्याच वर्षी पक्षाने ह्यांना तिकीट नाकारलं, मग ह्यांनी स्वतःचा पक्ष काढला. तिकीट नाकारणं काय असतं हे नाशिककरांना समजावून सांगायला लागत नाही.

मुलगा फेला कुटी, तो प्रसिद्ध गायक, त्याला अगदी शेवटी आणा. आधी आणला तर बाई नुसत्या 'फेलाची आई' होऊन बसतात आणि कॉलेजची पोरं त्याचंच विचारत राहतात. १९७७ ला सैनिकांनी फेलाच्या घरावर धाड घातली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या ह्या बाईंना वरच्या खिडकीतून खाली फेकलं, त्या दुखण्यातून त्या उठल्याच नाहीत, १९७८ ला गेल्या. हे साध्या आवाजात सांगा, रडवायला जाऊ नका. आणि फेलाचं गाणं लावायचंच असेल तर चहा फिरायला लागल्यावर लावा, दहाबारा मिनिटांची असतात ती, भाषणाचा वेळ खातात.