एक कादंबरी, नऊ मतं: बैठक कशी घ्यावी

सव्वीस वर्षं मी पेठेतल्या एका वाचनालयाच्या काउंटरवर बसले. पुस्तक परत करायला आलेल्या सभासदाला ‘कसं होतं?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘ठीक’, ‘बरं होतं’, नाहीतर ‘काही दम नाही हो’. त्याच माणसाला ‘कुठे कंटाळलात?’ असं विचारलं की तो काउंटरवर ठेवलेलं पुस्तक पुन्हा हातात घ्यायचा, उभ्या उभ्या पानं चाळायचा आणि मागे रांग लागली तरी बोलत राहायचा.

निवृत्तीनंतर कोथरूडला घरीच वाचनगट सुरू केला, तेव्हा नेमकं हेच विसरले. सगळ्यांना गोल बसवून मी एकेकाला ‘कशी वाटली?’ विचारत गेले. एकदा एक बाई म्हणाल्या, ‘मला फार भिडली.’ त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक गृहस्थ म्हणाले, ‘यात भिडण्यासारखं काय आहे?’ बाई गप्प झाल्या. चहा घेतला, गेल्या, आणि परत कधी आल्या नाहीत. मी तेव्हा मध्ये पडायला हवं होतं. खाली लिहिलेली पद्धत त्या संध्याकाळनंतर हळूहळू बसत गेली. ज्यांना गट सुरू करायचा आहे, किंवा ज्यांचा गट भांडणात अडकला आहे, त्यांच्यासाठी ती लिहिते आहे.

उदाहरण एकच घेते, कारण त्या पुस्तकावरून आमच्याकडे सर्वांत जास्त मतभेद झाले: ॲलेक्स गार्लंडची ‘द बीच’, १९९६ साली आलेली. रिचर्ड नावाचा इंग्रज तरुण पाठीवर बॅग टाकून बँकॉकच्या खाओ सान रोडवरच्या स्वस्त गेस्ट हाउसात उतरतो. शेजारच्या खोलीतला माणूस त्याच्यासाठी एक नकाशा ठेवून आत्महत्या करतो. नकाशावर एका बेटावरचा लपलेला किनारा असतो. एतिएन आणि फ्राँस्वाज या फ्रेंच जोडप्याबरोबर रिचर्ड पोहत, डोंगर चढत, धबधब्यावरून उडी मारून तिथे पोचतो. तिथे तीसेक तरुण जगापासून लपून राहताहेत. मासे धरतात, भाजी लावतात, आणि या जागेबद्दल बाहेर कुणाला सांगायचं नाही एवढाच नियम कडक पाळतात. पुढे हा स्वर्ग कसा नासतो, ती उरलेली गोष्ट.

आता तयारी. चारशेहून जास्त पानांचं इंग्रजी पुस्तक असेल तर सहा आठवडे द्या. आमच्यात इंग्रजी सहज वाचणारे पाच जण, बाकीचे अडखळत वाचणारे. म्हणून बोलायचं मराठीतच, आणि जो उतारा चर्चेला येईल तो आधी मोठ्यानं वाचून त्याचा अर्थ सांगायचा, हे ठरवून टाकलंय. प्रती मिळतील तशा घ्या. आमच्याकडे दोन अप्पा बळवंत चौकातून जुन्या आल्या, एक सिनेमाचं चित्र असलेली, दोघांनी मोबाइलवर वाचलं. त्यामुळे पान नंबर जुळत नाहीत आणि बैठकीतली पहिली वीस मिनिटं ‘माझ्याकडे एकशे बावीसवर काहीतरी वेगळंच आहे’ यात जातात. या कादंबरीतल्या प्रकरणांना नावं आहेत. तेव्हा पान सांगायचं नाही, प्रकरणाचं नाव सांगायचं. नावं नसतील तर प्रकरणाचा नंबर.

बैठकीच्या आधी व्हॉट्सॲपवर मत टाकायला मनाई ठेवा. हे मी आग्रहानं सांगते. कुणीतरी एकानं ‘अर्ध्यात सोडली, भयंकर बालिश’ असं लिहिलं की बाकीचे उरलेलं पुस्तक त्या वाक्याच्या चष्म्यातून वाचतात. आमच्या इथे फक्त ‘कुठवर आलात’ एवढंच विचारता येतं.

प्रत्येकानं येताना एक चिठ्ठी आणायची. त्यावर दोनच गोष्टी: पुस्तकानं मला कुठे धरलं, आणि कुठे सोडलं. आवडली की नाही, हे लिहायचं नाही. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या दारातल्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या आणि मगच आत येऊन बसायचं. डबा आमच्या पोह्यांचा आहे, झाकण घट्ट बसतं.

‘द बीच’च्या दिवशी नऊ चिठ्ठ्या होत्या. पाच जणांना पुस्तकानं एकाच ठिकाणी सोडलं होतं: उत्तरार्धात, जिथे रिचर्डच्या डोक्यात व्हिएतनाम युद्धाचे सिनेमे शिरतात आणि तो मेलेला शेजारी त्याला दिसायला, त्याच्याशी बोलायला लागतो. आणि दोघांना पुस्तकानं नेमकं तिथेच धरलं होतं. ही माहिती ‘पाच विरुद्ध दोन’ अशी वाचू नका. एकाच जागी काहींचा हात सुटतो आणि काहींचा घट्ट होतो, ती जागा पुस्तकाचा सांधा असते. बैठक तिथूनच सुरू करा.

ते प्रकरण वाचलं. रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे काका म्हणाले, ‘लेखकाला युद्ध सिनेमातून माहीत आहे, म्हणून इथे सगळं खोटं वाटतं.’ हिंजवडीत काम करणारी एक मुलगी म्हणाली, ‘काका, खोटं वाटायलाच हवं ना? रिचर्डलाच युद्ध सिनेमातून आणि व्हिडिओ गेममधून माहीत आहे. त्याला खरी बंदूक समोर आली तरी गेमच वाटतो.’ इथे गट चालवणाऱ्यानं एक काम करायचं असतं: रिचर्ड काय म्हणतो आणि पुस्तक काय म्हणतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे शांतपणे मांडायचं. ‘मी’ म्हणून सांगितलेल्या कादंबरीत निम्मी भांडणं याच गोंधळातून होतात. एक म्हणतो ‘पुस्तक स्वार्थी आहे’, दुसरा म्हणतो ‘नायक स्वार्थी आहे’, आणि दोघांनाही वाटतं आपण एकमेकांना खोडून काढतोय.

हे तपासायची एक सोपी रीत आहे. त्याच प्रसंगात दुसरं कुणी वेगळं वागतं का, ते शोधायला सांगा. या कादंबरीत शार्क तिघा स्वीडिश मुलांवर हल्ला करतो. एक जातो, एक जखमी होऊन झिजत राहतो, तिसऱ्याचं भान हरपतं. दवाखान्यात नेलं तर जागेचा पत्ता फुटेल, म्हणून नेत नाहीत. छावणीतले लोक हळूहळू त्या दुःखाकडे पाठ फिरवतात आणि पुन्हा मजेत राहायला बघतात. एतिएन मात्र पाठ फिरवत नाही. भान हरपलेल्या मुलाला तो जपत राहतो. काकांनी तो भाग पुन्हा वाचला आणि म्हणाले, ‘म्हणजे लेखकाला कळतंय काय चाललंय ते.’ पुस्तक त्यांना तरीही आवडलं नाही. पण आता ते कशाबद्दल बोलताहेत हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि त्यांनाही.

दुसरी जागा नकाशाची. बेटाकडे निघण्याआधी रिचर्ड नकाशाची नक्कल काढून दोन अमेरिकन मुलांना देतो. का देतो, हे त्यालाही धड सांगता येत नाही. यावर फर्ग्युसनला शिकणारा, बावीस वर्षांचा आमच्यातला सगळ्यात धाकटा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मावशी, मी हेच केलंय.’

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला त्याला आणि त्याच्या मित्राला एक धबधबा सापडला होता. शेताच्या बांधावरून अर्धा तास चालत जावं लागतं. खाली कमरेएवढं पाणी, वर जांभळाचं झाड, आणि त्या दिवशी ते दोघं सोडून कुणी नाही. कुणाला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं. रात्री घरी आल्यावर त्यानं दोन जणांना लोकेशन पाठवलं. ‘का पाठवलं?’ मी विचारलं. तो म्हणाला, ‘मी तिथे गेलो होतो हे कुणाला कळलंच नसतं तर...’ आणि थांबला. दोन रविवारांनी तो पुन्हा गेला तेव्हा बांधापाशी गाड्यांची रांग होती, पाण्यात वेफर्सची पाकिटं तरंगत होती, आणि शेतकऱ्यानं बांधावर काटे आणून टाकले होते.

असं कुणी बोललं तर लगेच पुस्तकाकडे ओढू नका. दोन मिनिटं शांतता राहू द्या. मग परत तोच उतारा वाचा. आम्ही वाचला, आणि ‘हे अमेरिकन पोरांचं प्रकरण उगाच घातलंय’ असं चिठ्ठीत ज्यांनी लिहिलं होतं, त्या स्वतःहून म्हणाल्या, ‘ही चिठ्ठी माझी. हे मला घाईत वाचल्यामुळे वाटलं होतं.’ नाव न लिहिण्याचा फायदा हाच. मत बदलायला कमीपणा वाटत नाही.

बाहेरची माहिती आणायची असेल तर ती या टप्प्यावर आणा, आधी नाही, आणि एखाददुसरीच आणा. मी एक आणली होती. या कादंबरीवर २००० साली सिनेमा आला, लिओनार्दो दिकाप्रिओचा. तो थायलंडमधल्या फी फी ले बेटावरच्या माया बे इथे चित्रित झाला. पुढे तिथे पर्यटकांची एवढी गर्दी व्हायला लागली की प्रवाळाचं नुकसान पाहून २०१८ मध्ये सरकारनं तो किनारा बंद केला. २०२२ मध्ये उघडला तो माणसांच्या संख्येवर मर्यादा घालून, आणि बोटींना खाडीत यायला बंदी करून. लपलेल्या किनाऱ्याच्या गोष्टीनं एका खऱ्या किनाऱ्याचा पत्ता जगाला दिला. हे सांगितल्यावर कासच्या पठाराचा विषय निघणारच होता. तिथेही फुलांच्या दिवसांत आता आधी नोंदणी करावी लागते. पाच मिनिटं बोलू दिलं आणि थांबवलं, नाहीतर बैठक सहलीच्या गप्पांत संपते.

सिनेमा पाहिलेल्यांबद्दल: त्यांना शेवटी बोलू द्या. सिनेमातला रिचर्ड अमेरिकन आहे, आणि प्रेमाची गोष्टही पुस्तकापेक्षा वेगळी आहे. आधी बोलले तर सगळेच सिनेमातला चेहरा धरून बोलू लागतात. पुस्तक अर्ध्यात सोडलेल्यांना मात्र पहिली संधी द्या. ते नेमकी जागा सांगू शकतात, आणि लाजून कोपऱ्यात बसलेले असतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘धरलं: खाओ सान रोड. सोडलं: तिथली माणसं कुठे आहेत?’ लग्न होऊन त्या बंड गार्डनच्या बाजूला आल्या, तेव्हा कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम नुकताच सुरू झाला होता, १९७४ च्या आसपास. भगव्या कपड्यांतली परदेशी मुलं सायकलवरून जायची. काकूंच्या सासऱ्यांनी मागच्या दोन खोल्या त्यांना भाड्यानं दिल्या होत्या. ‘एक जर्मन मुलगी होती,’ काकू म्हणाल्या, ‘रोज सकाळी दूध घ्यायला दाराशी यायची. मी पातेल्यात ओतून द्यायचे. ती हसायची, मी हसायची. दीड वर्षं. ती इथे काय शोधायला आली ते मला कळलं नाही, आणि मी कोण ते तिनं कधी विचारलं नाही. या पुस्तकातले थाय लोक बघा, बंदूक घेऊन शेत राखणारे, नाहीतर खोली देणारे. तिनं पुस्तक लिहिलं असतं तर त्यात मी दूध देणारी असते, बस.’

काका म्हणाले, ‘म्हणजे पुस्तक वाईट.’ काकू म्हणाल्या, ‘अहो, तसं नाही. मुलं अगदी अशीच होती. लेखकानं त्यांना बरोबर ओळखलंय. मला फक्त दाराच्या या बाजूनं वाचावं लागलं.’

असं बोलणं सुरू झालं की गट चालवणाऱ्यानं घड्याळाकडे बघायचं नाही. मी चहा ठेवायला उठणार होते, बसून राहिले. हिंजवडीच्या मुलीनं विचारलं, ‘काकू, मग तुम्ही तिला का नाही विचारलं?’ काकू म्हणाल्या, ‘अगं, इंग्रजी कुठे येत होतं मला तेव्हा.’ आणि मग थोड्या वेळानं, ‘आणि सासूबाई बघत असायच्या.’ थाय माणसं पुस्तकात गप्प का आहेत, या प्रश्नाला त्यामुळे आणखी एक पदर सुटला: रिचर्डनं विचारलं नाही हे खरं, पण त्यांच्या गप्प राहण्याला त्यांची स्वतःची कारणंही असतील, आणि ती कारणं रिचर्डच्या तोंडून आपल्याला कधीच कळणार नाहीत. पुस्तकातली ही उणीव आहे की हा पुस्तकाचा विषयच आहे, यावर आमचे शेवटपर्यंत दोन तट राहिले. राहू दिले.

शेवटी मतदान घेऊ नका. दहापैकी गुण देऊ नका. एकदा आकडा सांगितला की माणूस त्या आकड्याची वकिली करत बसतो.

त्याऐवजी वही ठेवा. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. चिठ्ठ्या त्यात डिंकानं चिकटवायच्या, खाली तारीख, आणि बैठकीत कुणाचं काही बदललं असेल तर त्यानं स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीच्या शेजारी लिहायचं. पुढच्या महिन्याच्या बैठकीची पहिली दहा मिनिटं मागची पानं उघडून बसायचं. महिन्याभरानं पुस्तकातलं काय उरलंय ते तेव्हा कळतं, आणि पुष्कळदा चर्चेत कुणी बोललंच नव्हतं असं काहीतरी निघतं.

‘द बीच’च्या पानावर नऊ चिठ्ठ्या आहेत, त्यातली एक कोरी. कोरी चिठ्ठीही चिकटवायची, आणि कुणाची म्हणून विचारायचं नाही. शेजारी जागा सोडा.