जुन्या एमएक्स-५ला दुसरी चाकं घेताय? या चुका टाळा

ईस्टर जवळ आला की माझ्या फोनवर चाकांचे फोटो यायला लागतात. जर्मनीत हिवाळी टायर उतरवून उन्हाळी चढवायची ती वेळ. गॅरेजमध्ये झोपलेल्या जुन्या माझदा एमएक्स-५, म्हणजे दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या छोट्या गाड्याही त्याच सुमारास बाहेर निघतात. फोटोखालचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, ही बसतील का?" पाठवणाऱ्याने पैसे बहुधा आधीच मोजलेले असतात. त्याला सल्ला नको असतो, आशीर्वाद हवा असतो.

माझी गाडी १९९१ची, पहिल्या पिढीतली, डोळे, म्हणजे हेडलाइट, उघडझाप करणारी. (माझदा म्हटलं की माझ्या आईला अजून स्वराज माझदाचा टेम्पोच आठवतो.) चाकांच्या बाबतीत करता येतील तेवढ्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसले आहे, त्यामुळे दुसऱ्याला रागावायचा थोडा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

आधी मूळ आकडे. कंपनीचं चाक १४ इंची, रिम ५.५ इंच रुंद, ऑफसेट ४५ (तो काय असतो ते पुढे सांगते). चार स्टड (नट ज्यांवर चढतात ते आट्यांचे दांडे) १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर, म्हणजे ४×१००. मधलं भोक ५४.१ मिमी. नट एम१२×१.५, शंकूच्या बुडाचे. टायर १८५/६० आर१४, म्हणजे रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १४ इंची. हे मी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवते. फोनमध्ये नाही, कारण चाकं विकणारी माणसं नेमकी रेंज नसलेल्या तळघरात भेटतात.

भोकं जुळली म्हणून चाक घेणं

गाडी घेतल्याच्या दुसऱ्या वर्षी मला होंडा सिविकच्या १५ इंची अलॉय चाकांचा एक संच मिळाला. टायर जवळजवळ नवे, किंमत १२० युरो, आणि पीसीडी, म्हणजे स्टडच्या वर्तुळाचं माप, तेच ४×१००. आनंदाने घरी आणला. शनिवारी पार्किंगमध्ये चढवला, टॉर्क पाना ११० न्यूटन-मीटरला लावून प्रत्येक नटावर 'टक्' ऐकलं आणि हात धुतले.

आई तेव्हा पुण्याहून आली होती. रविवारी तिला घेऊन मी श्वेबिशे आल्बच्या डोंगरात निघाले. बाड उराखच्या पुढे रस्ता वर चढायला लागतो. तिथे ती म्हणाली, "काहीतरी खडखडतंय गं." मी म्हटलं, रस्ता खराब आहे. जर्मनीतला रस्ता! पुढच्या सपाटीवर ऐंशीच्या आसपास स्टीअरिंग थरथरायला लागलं आणि मग मात्र मी पहिल्या मोकळ्या जागेत गाडी बाजूला घेतली. पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरले. तिसरा जेमतेम धरून होता. चौथा जागेवरच नव्हता.

टो गाडीची वाट बघताना आईने थर्मासमधला चहा ओतला आणि विचारलं, "नट कंपनीचेच होते ना?" कंपनीचेच होते. तोच तर घोटाळा.

माझदाच्या नटाचं बूड शंकूसारखं असतं, ६० अंशांचं. होंडाच्या मूळ चाकात नट टेकतो ती बैठक गोल असते, वाटीसारखी. वाटीत भोवरा ठेवला तर तो जसा एका बारीक कडेवर टेकतो, तसा हा नट त्या चाकात टेकतो. टॉर्क पाना तरीही 'टक्' करतो, कारण नट फिरवायला किती जोर लागला एवढंच त्याला कळतं. तो जोर कशावर पडलाय हे त्याला कळत नाही. चाक नुसतं स्टडवर लटकलेलं नसतं. नट स्टडला ताणतो, त्या ताणाने चाक हबवर, म्हणजे स्टड असलेल्या गाडीच्या फिरत्या बैठकीवर, दाबून बसतं आणि ते घर्षणच चाकाला धरून ठेवतं. इथे सगळा दाब अ‍ॅल्युमिनियमच्या एका बारीक रेघेवर आला. रेघ दबली, ताण गेला, चाक किंचित हलायला लागलं आणि नटांनी हळूहळू परतीचा रस्ता धरला.

चाकांच्या बैठका खरवडून गेल्या होत्या, म्हणून ती भंगारात गेली. त्या कोपऱ्यातले चारही स्टड बदलावे लागले. १२० युरोची चाकं मला किती युरोला पडली, ते मी घरी कधी सांगितलेलं नाही.

तेव्हापासूनची माझी सवय अशी: चाक नवं असो की जुनं, नटाचं बूड काळ्या मार्करने रंगवायचं, नट हाताने आणि मग पान्याने थोडा आवळायचा आणि काढून बघायचा. रंग सगळीकडून सारख्या रुंद पट्ट्यात निघाला असेल तर ठीक. बारीक रेघच निघाली असेल तर तो नट त्या चाकाचा नाही. दोन मिनिटांचं काम. ते सांगितलं की पोरं म्हणतात, "ताई, यूट्यूबवर तर असं कोणी करत नाही." यूट्यूबवाल्याच्या शेजारी तुमची आई बसलेली नसते.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्याने तपासायचे. मी त्यासाठी पाना डिकीत टाकूनच निघते.

या चुकीचं एक भावंड पुण्यात आहे. माझ्या मावसभावाने त्याच्या पालिओला ४×१००ची चाकं बसवून घेतली होती. पालिओचं वर्तुळ ९८ मिमीचं. फरक दोनच मिलिमीटर, त्यामुळे पहिला बोल्ट सरळ जातो आणि बाकीचे जोर लावला की तिरके आत शिरतात. बसवणाऱ्याने सांगितलं, "चालतं साहेब." चालतंच. किती दिवस, एवढाच प्रश्न असतो. भावाला मी फोनवरून ती त्याच संध्याकाळी उतरवायला लावली आणि पुढचे दोन महिने तो माझ्याशी नीट बोलला नाही.

मधल्या भोकाकडे दुर्लक्ष

चाकाचं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मापाची रिंग घाला, नाहीतर चाक मधोमध बसवताना झगडावं लागतं आणि मग थरथरीचं खापर बॅलन्सिंगवर फुटतं. भोक लहान असेल तर चाक परत करा. गेल्या वर्षी एकाने मला ग्राइंडरचा फोटो पाठवला होता. त्याला मी उत्तर दिलं नाही, थेट फोन केला.

ऑफसेटचा आकडा न वाचणं

जर्मनीत याला नुसतं 'ईटी' म्हणतात. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांच्यातलं ते अंतर, मिलिमीटरमध्ये. सगळ्यांना तो माहीत असतो आणि फार थोडे त्याचा हिशोब करतात. हिशोब चौथीतल्या मुलाला जमेल असा आहे. रिमच्या रुंदीचे मिलिमीटर करा, निम्मे करा, त्यातून ईटी वजा करा: चाक हबच्या बाहेर किती येतं ते मिळालं. निम्म्यात ईटी मिळवा: आत किती जातं ते मिळालं.

मूळ चाक ५.५ इंच, म्हणजे १३९.७ मिमी. निम्मे सुमारे ७०. बाहेर २५, आत ११५. आता ब्योब्लिंगनच्या एका सॉफ्टवेअरवाल्या मुलाने घेतलेलं चाक बघू: १५ इंची, ८ इंच रुंद, ईटी शून्य. निम्मे १०१.६, बाहेरही तेवढंच आणि आतही तेवढंच. म्हणजे चाक मूळ जागेपेक्षा जवळजवळ ७७ मिलिमीटर बाहेर आलं. चार बोटं मडगार्डवर आडवी ठेवून बघा, साधारण तेवढं. त्याचं म्हणणं, "चाक काठाला लागून दिसलं पाहिजे." ते काठ ओलांडून अंगणात आलं होतं.

मग मडगार्डची आतली कड दुमडून घेतली. रंगाला बारीक तडे गेले आणि त्या तड्यांतून पुढच्या हिवाळ्यात गंज यायला लागला. या गाड्यांना गंजासाठी निमंत्रण लागत नाही, त्यात तुम्ही दारच उघडून देता. स्टीअरिंग जड झालं, प्रत्येक खड्ड्याचा हिसका हाताला बसायला लागला, बेअरिंगवर ताण वाढला तो वेगळाच. ही गाडी माणसं घेतात ती त्या हलक्या, बोलक्या स्टीअरिंगसाठी आणि पहिल्याच महिन्यात त्याचंच तोंड बंद करतात. तपासणीत तर तो मुलगा दहा मिनिटांत बाहेर आला. चाकाच्या मध्यातून उभी रेघ धरली तर पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरचा तुडवा, म्हणजे रस्त्याला टेकणारा पट्टा, मडगार्डने झाकलेला असावा लागतो. त्याचा निम्मा तुडवा उघडा होता. चाकं अर्ध्या किमतीला विकली.

माझं उत्तर फार कंटाळवाणं आहे. दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ची कंपनीचीच १५ इंची चाकं बघा: ६ इंच रुंद, ईटी ४०, ४×१००, भोक तेच, नटाची बैठक तीच. बाहेर फक्त ११ मिमी येतात, आत जेमतेम १ मिमी. टायर १९५/५० आर१५. मी सात वर्षं हीच वापरते आहे. फोटो बघून कोणी आहा म्हणत नाही, हे कबूल.

तिसऱ्या पिढीची मात्र घेऊ नका. ती ५×११४.३ आहे. चौथ्या पिढीत माझदा परत ४×१००वर आली, त्यामुळे आजीला नातीची चाकं बसतात असा समज पसरलाय. हबवर बसतात, खरं आहे. पण नातीच्या १६ इंची चाकावरचा १९५/५० आर१६ टायर ६०१ मिमी उंच असतो आणि आजीचा मूळ ५७८. चार टक्के फरक. मूळ टायरवर काटा अचूक असेल, तर आता तो शंभर दाखवतो तेव्हा गाडी १०४ने पळत असते. युरोपात स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलेलं चालत नाही, त्यामुळे हा वाद तुम्ही कॅमेऱ्याशी घालाल आणि हराल. १९५/५० आर१५ची उंची ५७६ येते, म्हणून तो माझा लाडका.

वजन न करणं

कंपनीचं सात आऱ्यांचं मूळ चाक साडेपाच किलोच्या आसपास भरतं. जुन्या ब्रिटिश मिनिलाइट चाकांची आठवण करून देणारं हे साधं चाक लोक 'जुनाट' म्हणून काढतात आणि त्याजागी दीडपट वजनाची १७ इंची चाकं लावतात. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यातून ते उचलायचं आणि पुन्हा रस्त्यावर टेकवायचं काम बिचाऱ्या जुन्या शॉक अब्सॉर्बरचं. विकत घ्यायला जाताना मी भारतवारीच्या बॅगा जोखायचा तो हुकाचा काटा घेऊन जाते. विकणारे हसतात. हसू देत.

कागद नंतर बघू म्हणणं

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी हे वेगळं सांगते, कारण आपल्याकडचा "आरटीओत बघून घेऊ" हा सूर इथे चालत नाही. चाकावर केबीएचा, म्हणजे जर्मन वाहन खात्याचा, मंजुरी क्रमांक कोरलेला आहे का बघा. एबीई, म्हणजे चाकाचं सर्वसाधारण मंजुरीपत्र, असेल तर त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल आणि टायरचं माप दोन्ही आहे का आणि पुढे काय अटी लिहिल्यात ते वाचा. अटी बारीक अक्षरात असतात आणि खरी गोष्ट तिथेच असते. टाइलेगुटआख्टन, म्हणजे सुट्या भागाचा तपासणी अहवाल, असेल तर ट्यूफसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून चाकं गाडीवर बसवून तपासून घ्यावी लागतात. काहीच नसेल तर स्वतंत्र तपासणीचा खर्च धरा, तो अनेकदा चाकांपेक्षा जड जातो. तीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला एच पाटी (ऐतिहासिक गाडीची नंबरप्लेट) हवी असेल, तर चाकं त्या काळात शोभणारी लागतात. कागदाची पीडीएफ हातात आल्याशिवाय मी पैसे देत नाही. विकणारा "घरी कुठेतरी आहे, पाठवतो" म्हणाला, की मी नमस्कार करून निघते.

आणि उरलेल्या, एकेका ओळीच्या

चाकासोबत फुकट मिळालेल्या टायरच्या कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे आकडे वाचा, ती त्याची जन्मतारीख. २३१५ म्हणजे २०१५चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २०००च्या आधीचा आहे, त्याचा झोपाळा करा.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढल्याशिवाय चाक चढवू नका. निम्म्या थरथरी तिथेच संपतात.

पावडर कोटिंग करून घेतलंत तर नटाच्या बैठकीत रंगाचा जाड थर राहू देऊ नका. तो दबतो आणि नट सैल होतो.

स्टडला तेल-ग्रीस चोपडू नका, टॉर्कचा आकडा मग खोटा पडतो.

स्पेसर (चाक बाहेर काढायला हब आणि चाकामध्ये घालतात ती चकती) घातलाच, तर नट किमान आठ पूर्ण फेरे फिरला पाहिजे. सहा फेऱ्यांत आवळला गेला तर मी तो स्पेसर काढून टाकते.

हवेच्या गनने नट ठोकणाऱ्या दुकानात गाडी सोडून चहाला जाऊ नका.

चोरीपासून वाचवणारे नट घेतलेत तर त्यांची किल्ली गाडीतच ठेवा, घरच्या ड्रॉवरमध्ये नाही.

नव्या चाकांसाठी गोल बुडाचे नट घेतले असतील, तर स्टेपनी अजूनही माझदाचीच आहे हे विसरू नका. तिला शंकूचेच नट लागतात. जुने चार नट एका पिशवीत घालून डिकीत स्टेपनीच्या शेजारीच ठेवा.